तळासरीतला ऊस

कृतिसंशोधन या शब्दाला घाबरून पान उलटू नका. अर्थ अगदी घरगुती आहे. आपल्या वर्गात काय बिघडलंय ते शिक्षकाने स्वतः शोधायचं, काहीतरी वेगळं करून बघायचं आणि काय झालं ते खरं खरं लिहून काढायचं. भाकरी करपली तर तवा जास्त तापला होता की आपलंच लक्ष नव्हतं, हे बघण्याइतकं साधं काम. पण इतकं साधं काम खात्याच्या इभ्रतीला शोभलं नसतं. म्हणून त्याला गरज, महत्त्व, उद्दिष्टे, गृहीतके, व्याप्ती आणि मर्यादा अशी प्रकरणं जोडली गेली, वर ऋणनिर्देश चढवला गेला आणि प्रत्येक शाळेने दर वर्षी एक तरी संशोधन द्यावं असा आदेश निघाला. संशोधन आदेशाने होतं, हा शोध मात्र खात्याचाच.

मी सांगलीकडची. नोकरीला लागले तेव्हा तळासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरची शाळा मिळाली, आणि दोनेक वर्षांत बदली होईल म्हणून मी डहाणू रोडला भाड्याने खोली घेतली. बदली होईपर्यंत राहायचं म्हणून घेतलेल्या त्या खोलीतूनच मी दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, आणि अजून तिथेच राहते. शाळा दोन शिक्षकी. दुसरे शिक्षक तांडेल सर, धाकटी डहाणूचे, कोळ्याच्या घरातले. दोन वर्गांच्या मध्ये एक लाकडी फळी होती, तिच्या अलीकडे माझी तिसरी-चौथी आणि पलीकडे त्यांची पहिली-दुसरी. फळीला मोठी फट होती, त्यामुळे एकमेकांच्या वर्गात काय चाललंय हे कळायला आम्हाला संशोधनाची गरज नव्हती.

तो आदेश निघाला तेव्हा माझ्या नोकरीला तीसेक वर्षं होत आली होती. माझं पहिलं संशोधन मी स्टेशनजवळच्या एका झेरॉक्सवाल्याकडून आणलं. सगळेच आणायचे. दुकानाचे शेठ गुजराती, गिऱ्हाइकाची नाडी ओळखणारे.

"बेन, मराठीचा पायजे का गणिताचा? गणिताचे खलास झाले. काल केंद्राचे सर एकदम सात घेऊन गेले."

मी मराठीचं घेतलं. 'इयत्ता चौथीतील विद्यार्थ्यांच्या वाचनगतीतील अडचणींचा शोध व उपाययोजना.' शाळेच्या नावाची जागा कोरी, शिक्षकाच्या नावाची कोरी, बाकी सगळं तयार. निष्कर्षसुद्धा. मुलांची पूर्वचाचणी घ्यायच्या आधीच उत्तरचाचणीचे गुण छापलेले होते आणि ते भरघोस वाढलेले होते. समस्येचं कारणही पक्कं ठरलेलं, 'पालकांची उदासीनता.' महाराष्ट्रात कुठेही चालेल असं कारण आहे ते. मी कोऱ्या जागा भरल्या, निळ्या कव्हरात बांधून घेतलं आणि दिलं. तालुक्यात दुसरा क्रमांक आला. पहिला ज्यांचा आला त्यांचंही संशोधन तेच होतं, पण त्यांनी आत रंगीत फोटो लावले होते.

पुढच्या वर्षी मी तेच संशोधन इयत्ता बदलून दिलं. त्या वर्षी सादरीकरण ऐकायला जिल्ह्याच्या प्रशिक्षण संस्थेतून एक नवीन अधिव्याख्यात्या आल्या होत्या. वयाने माझ्या धाकट्या बहिणीसारख्या, साध्या सुती साडीत, हातात पेन्सिल. बाकीचे परीक्षक चहाची वाट बघत होते. या बाई पानं उलटून वाचत होत्या. तिथेच मला संकट ओळखायला हवं होतं.

"बाई, एक विचारू?" त्या म्हणाल्या. "सतराव्या पानावर तुम्ही लिहिलंय, ऊसतोडीच्या हंगामात मुलं पालकांबरोबर फडावर जातात, म्हणून वाचन मागे पडतं."

"हो मॅडम."

"तळासरीत ऊस कुठे आहे?"

सभागृहात जे हसू उठलं ते मला अजून ऐकू येतं. आमच्याकडे भात, नागली, वरई. पश्चिमेला गेलात तर चिकूच्या वाड्या. उसाचं एक कांडं बघायचं तर रसवंतीवर जावं लागतं. पण मी सांगलीची. ऊस वाचून मला दोन वर्षांत काही खटकलंच नव्हतं. तीस वर्षं ज्या मुलांना शिकवत होते ती कुठल्या पिकावर वाढतात, एवढंही माझ्या डोळ्यांना वाचता आलं नव्हतं, आणि मी वाचनगतीवर संशोधन करत होते.

बाहेर पोर्चमध्ये मॅडमनी मला गाठलं. मला वाटलं, आता नोटीस. त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी काही लिहू नका. फक्त एक करा. तुमचा एक तास फोनवर रेकॉर्ड करा आणि घरी एकट्या ऐका. मलाही ऐकवू नका."

"कशाला?"

"मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा दोन दिवस जेवले नाही," एवढं बोलून त्या गाडीत बसल्या.

मी रेकॉर्डिंग केलं ते शिकण्यासाठी नव्हे. या कालच्या पोरीला दाखवून देऊ, म्हणून केलं. ऑगस्टमधला परिसर अभ्यासाचा तास, माझा हातखंडा विषय. फोन टेबलावर पुस्तकाआड ठेवला आणि असं काही शिकवलं की फळीपलीकडून तांडेल सर म्हणाले, "आज तपासणी आहे काय, बाई?"

संध्याकाळी खोलीवर भाजी निवडता निवडता ऐकायला बसले. तासभर एक बाई एकटीच बोलत होती. आवाज चांगला खणखणीत. ती प्रश्न विचारायची आणि श्वास घ्यायच्या आत स्वतःच उत्तर द्यायची. "पाणी कुठून मिळतं? विहिरीतून, नदीतून, हो की नाही?" मुलं एका सुरात, "होऽऽय." "समजलं?" "होऽऽय." मुलं मला नेहमी 'होय' म्हणत होती आणि मी ते वहीत 'विद्यार्थ्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद' म्हणून लिहीत होते.

मग दोन ठिकाणी एक वाक्य ऐकू आलं. माझंच. "रसिला, तू राहू दे."

रसिला म्हणजे चौथीतली, खिडकीपाशी बसणारी मुलगी. पाड्याच्या टोकाला घर, बाप भातशेती करून उरलेल्या दिवसांत मजुरीला, आई जमनी. रसिला वर्गात बोलायची नाही. विचारलं की पायाच्या अंगठ्याकडे बघायची. तिला अवघड जाऊ नये म्हणून मी "राहू दे" म्हणायची आणि त्याला माझा प्रेमळपणा समजायची. रेकॉर्डिंगवर तो प्रेमळपणा नव्हता. दारातल्या फेरीवाल्याला आपण जसं म्हणतो, तसं होतं ते.

आता जे सांगायचं आहे ते लिहायला मला जड जातंय. त्याच जुलैत ऑफिसने 'विशेष गरजा असलेल्या' मुलांची यादी मागवली होती. यादी कोरी पाठवली तर वर्गात लक्ष नाही असा ठपका यायचा, म्हणून दर वर्षी चार-पाच नावं घालायची रीत होती. मी रसिलाचं नाव घातलं होतं आणि पुढच्या रकान्यात लिहिलं होतं, 'बौद्धिक क्षमता कमी.' हे ठरवायला मला डॉक्टर लागला नाही. शिवाय पालकसभेत मी जमनीला सांगितलं होतं, "हिच्या डोक्यात काही शिरत नाही. घरकाम तरी नीट शिकवा." हेही मी प्रेमळपणेच सांगितलं होतं.

दोन दिवस न जेवण्याइतकी मी संवेदनशील नाही. पण भाजी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, प्रश्न विचारायचा आणि मनात दहा आकडे मोजायचे. मोजून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. वाचायला सोपं वाटतं. तीस वर्षं बोलण्याचा पगार घेतलेल्या बाईने चारचौघांसमोर दहा आकडे गप्प राहून बघावं. तीनवर घसा खाजतो, पाचवर आपण मूर्ख दिसतोय असं वाटतं आणि सातवर उत्तर आपोआप बाहेर सांडतं. पहिले दोन दिवस माझं सांडलं. तिसऱ्या दिवशी मी दहापर्यंत पोचले. मुलं माझ्याकडे बघत राहिली. फळीपलीकडून तांडेल सरांचं डोकं आलं.

"बाई, बरं वाटत नाही काय? चक्कर येते?"

"नाही सर. थांबलेय."

"बरं," ते म्हणाले आणि डोकं आत गेलं. कोळ्याच्या मुलाला जाळं टाकून थांबणं नवीन नसावं.

चौथ्या दिवशी बरोबर आठव्या आकड्याला केंद्रप्रमुख दारात उभे. केंद्रप्रमुख म्हणजे दहा-बारा शाळांवर देखरेख करणारे साहेब. त्यांनी शांत वर्ग बघितला, शांत बाई बघितली.

"काय चाललंय?"

"वाट बघतेय, सर."

"कोणाची?"

"उत्तराची."

त्यांनी शेरेवही मागितली आणि सुंदर अक्षरात लिहिलं, 'भेटीच्या वेळी वर्गात अध्यापन चालू नसल्याचे आढळले.' माझ्या संशोधनाची ती पहिली लेखी नोंद.

पंधरवड्यात मुलं हळूहळू तोंड उघडू लागली. आधी चूक, मग अर्धवट, मग एकमेकांत भांडत. रसिला मात्र अंगठ्याकडेच बघत होती. "राहू दे" म्हणायचं मी सोडलं होतं, एवढाच काय तो फरक.

दिवाळीच्या सुटीआधीचा आठवडा होता. धडा घरांचा. तेव्हा आमच्याकडे जमिनीला अधूनमधून हादरे बसत. भांडी वाजायची, मुलं उठून अंगणात जायची, थोड्या वेळाने परत यायची. आता त्याचं कोणी फार बोलत नसे. मी विचारलं, "कुडाचं घर चांगलं की पक्कं घर?" कुडाचं म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या करून शेणमातीने लिंपलेल्या भिंतींचं. एरवी मी लगेच "पक्कं" म्हटलं असतं, मुलांनी "होय" म्हटलं असतं आणि धडा संपला असता. मी मोजायला लागले. आठवर कोणीतरी "पक्का" म्हणालं. मी मान हलवली नाही, मोजत राहिले. बाराच्या आसपास खिडकीकडून आवाज आला.

"कुडाचा घर बरा."

मला आवाज ओळखीचा नव्हता. दीड वर्ष माझ्या वर्गात असलेल्या मुलीचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते.

"का गं रसिला?"

ती थांबली. मीही थांबले.

"हालला तं कूड वाकतो. पडला तरी माणूस मरत नाय. आजाचे घराची विटाची भिंत फाटली. आमचे कुडाला काय नाय झाला."

फळीपलीकडचे तांडेल सर शिकवायचे थांबले होते. माझ्या पुस्तकात पक्कं घर मजबूत असं छापलं होतं, आणि ते मी दर वर्षी हलणाऱ्या जमिनीवर उभी राहून शिकवत होते. बौद्धिक क्षमता कमी असलेल्या मुलीने ते एका दमात दुरुस्त केलं.

मी खूश होऊन सुटीत सांगलीला गेले. परत आले तर खिडकीची जागा रिकामी. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. मुलांनी सांगितलं, रसिला मावशीकडे गेली, उंबरगावच्या बाजूला. मावशी कंपनीत जाते, तिचं बाळ सांभाळायला.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी पाड्याच्या टोकाला गेले. तांडेल सर म्हणाले, "येऊ काय?" मी म्हटलं, नको. काही कामं एकटीनेच करायची असतात, आणि मला सोबत हवी होती ती शरम वाटून घ्यायला.

जमनी अंगणात भात पाखडत होती. तिने बसायला फळकुट दिलं, पाणी दिलं आणि पुन्हा सूप उचललं.

"रसिलाला का पाठवलीस?" मी विचारलं. आवाज बाईंचाच होता, जाब विचारणारा.

"तुम्हीच बोलला ना, बाई. डोक्यात शिरत नाय, घरकाम शिकव. बापाला पण तेच सांगला मी. तो बोलला, बाई बोलते तं खराच असंल." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. माझा सल्ला तिने मानला होता, इतकंच. पालकांची उदासीनता ती हीच.

मी म्हटलं, "जमनी, माझं चुकलं. तिच्या डोक्यात शिरतं. मीच विचारत नव्हते."

तिने सूप खाली ठेवलं. माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मी आकडे मोजले नाहीत, तशी गरजही वाटली नाही.

"हे तिचे बापाला तुम्ही सांगा," ती शेवटी म्हणाली. "मी सांगला तं बोलंल, काल एक, आज एक. आणि माझे बहिणीला काय सांगू? तिचा बाळ कोण बघंल?"

पुस्तकात असल्या अडचणीला 'मर्यादा' म्हणतात आणि दोन ओळींत आटपतात. संध्याकाळी रसिलाचा बाप मजुरीवरून आला. त्याच्यासमोर मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. दुसऱ्यांदा ते सोपं जाईल असं वाटलं होतं, गेलं नाही. तो फक्त म्हणाला, "लिहून देल का, बाई?" मी वहीचं पान फाडून लिहून दिलं की रसिला हुशार आहे की नाही मला माहीत नाही, पण ती शिकू शकते आणि आधी मी चुकीचं सांगितलं. सही केली. त्याला वाचता येत नव्हतं. त्याने कागद घडी घालून खिशात ठेवला.

पुढच्या रविवारी जमनी स्वतः जाऊन मुलीला घेऊन आली. बहीण तिच्याशी होळीपर्यंत बोलली नाही. माझी चूक निस्तरायचा भुर्दंड त्या दोघी बहिणींनी भरला.

मग मी यादीतून नाव काढायला ऑफिसात गेले. तिथल्या क्लार्कने संगणकावर बराच शोध घेतला.

"बाई, नाव घालायचा नमुना आहे. काढायचा नाही."

"मग काढायचं कसं?"

"कारण निवडावं लागतं. स्थलांतर करा किंवा मयत करा."

"ती वर्गात बसलीय हो. चूक माझी होती. शिक्षिकेची चूक असं लिहा."

"असा पर्याय नाही," तो मनापासून म्हणाला. मग त्यालाच माझी दया आली. "हे बघा, 'उपचारात्मक अध्यापनाने सुधारणा' असा एक आहे. हा टाकला की नाव आपोआप जातं. तुमचंही चांगलं दिसतं."

मी हो म्हटलं. त्यामुळे सरकारी कागदांत आजही अशी नोंद आहे की रसिला नावाची एक मंद मुलगी होती आणि मी तिला बरी केली. याचा मला अभिमान नाही, पण दुसरा पर्याय तिला मयत करण्याचा होता.

त्या वर्षी मी संशोधन स्वतः लिहिलं. अकरा पानं, हाताने. समस्या: शिक्षिका प्रश्न विचारून थांबत नाही. कारण: सवय. उपाय: थांबणे. परीक्षकांत ऊस पकडणाऱ्या मॅडम नव्हत्या, त्यांची बदली झाली होती. खात्यात खरंच वाचणाऱ्या माणसाची बदली वेळेवर होते. बाकीचे परीक्षक अवघडले. एक जण समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाई, समस्या विद्यार्थ्यांची हवी. शिक्षकाची कशी असेल? आणि संदर्भसूची कुठे आहे?"

क्रमांक आला नाही. सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं, त्यावर माझं नाव चुकलेलं. पण बाहेर हात धुवायला गेले तेव्हा डहाणूजवळच्या आगर गावातल्या एका शाळेतल्या बाई मागून आल्या आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "खरं सांगा, किती आकडे मोजायचे?"

"दहा."

"माझं चारला तोंड उघडतं हो."

"माझंही उघडायचं. पाचपासून सुरू करा."

तीस वर्षांच्या नोकरीत व्यवसायाबद्दल दोन शिक्षिकांमध्ये झालेलं एवढं प्रामाणिक बोलणं मला दुसरं आठवत नाही.

निवृत्तीच्या वेळी चार्ज देताना कपाटातून जुन्या याद्या निघाल्या. दर वर्षीच्या, माझ्या अक्षरात. तांडेल सर आणि मी खाली बसून वाचत गेलो. एका नावावर ते हसले. "हा आता वापीला टेम्पो चालवतो. तीन भाषा बोलतो, गप्पच बसत नाही." काही नावांना चेहरे आठवले. काहींना आम्हा दोघांनाही आठवले नाहीत. त्यांची आई-बापं कोण, त्यांना मी पालकसभेत काय सांगितलं होतं आणि त्यांनी माझं किती ऐकलं, हे शोधायला आता माझ्याकडे वर्ग नाही.

रसिला तळासरीच्या हायस्कूलात आठवीत आहे. ती पुढे फार हुशार निघाली असं लिहायला मला आवडलं असतं, दिवाळी अंकाला ते शोभलंही असतं. ती साधारण आहे. बडबडी झाली आहे, त्याबद्दल तिच्या शिक्षकांच्या तक्रारी आहेत. यंदा पावसाळ्यानंतर जमनी मला बाजारात भेटली. सुक्या बोंबलांच्या टोपलीपाशी मला थांबवून म्हणाली, "पोरगी गणितात नापास झाली. तुम्ही तं लिहून दिला होता, बाई, शिकू शकते. आता या शिकवायला."

तिचं म्हणणं रास्त होतं. कागदावर सही माझी होती. म्हणून हल्ली मी रविवारी सकाळची एसटी पकडून पाड्यावर जाते. अंगणात आम्ही दोघी बसतो. आठवीचं बीजगणित मला माझ्या आठवीतही आलं नव्हतं, हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. परवा एका उदाहरणाचं उत्तर पुस्तकाशी काही केल्या जुळेना. मी दोनदा करून बघितलं आणि म्हटलं, "छापतानाच चुकलं असणार गं."

रसिलाने वही माझ्या हातातून ओढून घेतली आणि बोट ठेवत एकेक ओळ खाली गेली.

"बाई, तिसऱ्या ओळीत तुम्ही चिन्ह बदललाच नाय."

मी चष्मा लावून बघितलं. बदललं नव्हतं.